अकबर-बिरबल कथांतील आव्हानाचे स्वरूप : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

चतुर राजसल्लागार आणि त्याला आव्हान देणारे प्रतिस्पर्धी यांच्या कथा भारतातील जवळजवळ प्रत्येक भाषेत आढळतात. उत्तरेत बिरबल, तेलुगू प्रदेशात तेनाली रामकृष्ण, बंगालमध्ये गोपाळ भांड ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. इतिहासाच्या अभ्यासकांनी या कथांकडे बहुधा दोन प्रकारे पाहिले आहे : एक तर त्या मनोरंजन म्हणून बाजूला ठेवल्या, किंवा दरबारी जीवनाचा पुरावा म्हणून जशाच्या तशा स्वीकारल्या. हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. या कथांतील खरा प्रतिस्पर्धी परका पंडित नसून राजाची अविवेकी आज्ञा हा आहे, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्यास त्यांचे ऐतिहासिक मूल्य स्पष्ट होते, हे बिरबलाच्या उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

इतिहासातील बिरबल

बिरबलाचे मूळ नाव महेशदास. तो काल्पी परिसरातील ब्राह्मण भाट असून 'ब्रह्म' या नाममुद्रेने ब्रज भाषेत काव्यरचना करीत असे. अकबराने (राज्यकाल १५५६ ते १६०५) त्याला प्रथम 'कविराय' व पुढे 'राजा बीरबर' हा किताब दिला. 'आईन-इ-अकबरी'तील मनसबदारांच्या यादीत त्याची नोंद दोन हजारी म्हणून आहे. बादशहाची त्याच्यावरील मर्जी अबुल फझल कौतुकाने नोंदवितो, तर बदायुनी तीच गोष्ट उघड द्वेषाने लिहितो. समकालीन साधनांतून दिसणारा बिरबल हा कवी, विश्वासू दरबारी आणि वेळप्रसंगी राजकीय कामगिरीवर जाणारा अधिकारी आहे. कोडी सोडवून पंडितांना निरुत्तर करणारा बिरबल मात्र या साधनांत भेटत नाही.

त्याचा शेवट विशेष लक्षणीय आहे. १५८६ च्या प्रारंभी युसुफझाई टोळ्यांविरुद्ध स्वात-बाजौर भागात झैनखान कोका लढत होता. त्याच्या मदतीस कोणी जावे यासाठी अबुल फझल व बिरबल यांच्या नावाने चिठ्ठी टाकण्यात आली आणि ती बिरबलाच्या नावाने निघाली. मोहिमेवर दोघा सरदारांत मतभेद झाले, आणि फेब्रुवारी १५८६ मध्ये डोंगरी खिंडीत मोगल सैन्याचा दारुण पराभव होऊन बिरबल मारला गेला. त्याचा देह मिळाला नाही. तो जिवंत आहे, नगरकोटच्या डोंगरांत साधुवेषात फिरतो, पुढे कालिंजरला दिसला, अशा अफवा उठल्या आणि बादशहाने त्यांची चौकशीही करविली, असे बदायुनी सांगतो. बिरबल मेला नाही हे लोकांचे पहिले कथन अशा रीतीने त्याच्या मृत्यूपाठोपाठच सुरू झाले.

कथांची पूर्वपरंपरा

बिरबलाच्या नावावरील अनेक कथा अकबरापेक्षा फार जुन्या आहेत. जैन परंपरेतील 'नंदीसूत्रा'त औत्पत्तिकी, म्हणजे आयत्या वेळी स्फुरणाऱ्या, बुद्धीची उदाहरणे केवळ सूचक शब्दांनी दिली आहेत. मेंढा, वाळू, हत्ती, विहीर हे त्यांतील काही शब्द. टीकाकारांनी त्यांचा विस्तार रोहकाच्या कथेत केला. रोहक हा उज्जयिनीजवळच्या नटांच्या गावातील मुलगा. राजा त्या गावाला एकामागून एक अशक्य आज्ञा धाडतो : मेंढ्याला भरपूर चारा द्या, पण त्याचे वजन वाढता कामा नये; वाळूचा दोर वळा; मरणासन्न हत्तीची रोज खबर द्या, पण तो मेला असे म्हणू नका; गावची विहीर नगरात पाठवा. 'महाउम्मग्ग जातका'तील महोसधाच्या कथेतही वाळूचा दोर आणि नगरात तळे पाठविण्याची आज्ञा येते.

लांडग्याशेजारी बांधलेली, म्हणून चारा खाऊनही न वाढणारी बकरी, बादशहाचा मेलेला पोपट आणि विहिरींचे लग्न या बिरबलाच्या लोकप्रिय कथा याच परंपरेतल्या आहेत. बहुभाषी पंडिताची मातृभाषा त्याला अचानक दचकवून ओळखण्याची कथा तर बिरबल, तेनाली रामकृष्ण व गोपाळ भांड यांच्याबरोबरच मराठीत नाना फडणविसांच्याही नावावर सांगितली जाते. नायक बदलतो, कथा टिकून राहते. त्यामुळे अशा कथेवरून विशिष्ट दरबाराचा वृत्तांत सिद्ध करता येत नाही.

प्रतिस्पर्धी कोण?

या कथांत परदेशी राजदूत, गर्विष्ठ पंडित, मत्सरी दरबारी असे अनेक प्रतिस्पर्धी येतात. मुल्ला दोपियाजा हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. परंतु समकालीन साधनांत त्याचा पत्ता नाही. सी. एम. नईम यांनी १९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील लेखात या कथांचा राजकीय अंगाने विचार केला. उर्दूतील काही छापील पुस्तिकांत मुल्लाच बिरबलावर मात करतो. विजयी कोण हे सांगणाऱ्या समाजावर अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो.

परंतु वरील जुन्या कथांत प्रतिस्पर्धी दरबारी नाहीच. पोपट मेल्याची बातमी देणाऱ्यास देहान्त शिक्षा, ही बादशहाची आज्ञा आहे. भयभीत सेवक बिरबलाकडे येतो. बिरबल दरबारात जाऊन पोपट खात नाही, पीत नाही, हालत नाही, असे सांगत जातो आणि शेवटी 'मेला' हा शब्द बादशहाच्याच तोंडून निघतो. आज्ञा देणाराच आज्ञेच्या कचाट्यात सापडतो. विहिरींच्या कथेतही बिरबल आज्ञेला नकार देत नाही. आधी तुमच्या विहिरी आमच्या विहिरींना न्यायला येऊ द्या, एवढेच सुचवितो. बंड न करता आज्ञेतील विसंगती तिच्याच शब्दांत उघडी पाडणे, हे या चातुर्याचे मर्म होय. आणि त्याचा लाभ प्राधान्याने सामान्य सेवकाला किंवा गावाला मिळतो.

येथे इतिहास व कथा यांतील अंतर बोलके ठरते. कथेतील बिरबल बादशहाची आज्ञा परतवितो. इतिहासातील बिरबल चिठ्ठी निघताच आज्ञा पाळतो आणि प्राणास मुकतो. १५८६ ची खिंड लोकप्रिय कथांत जवळजवळ येतच नाही. राजसत्तेपुढे बुद्धीचे काही चालत नाही हा अनुभव लोकांना पुरेपूर ठाऊक होता; कथेत त्यांनी तो उलटवून घेतला.

निष्कर्ष

१) बिरबलाच्या आव्हानकथा सोळाव्या शतकातील दरबारी घटनांचा प्रत्यक्ष पुरावा नाहीत, त्यांतील अनेक कथाबीजे त्या काळाच्या कितीतरी आधीची आहेत.

२) सत्तेकडून प्रजेची अपेक्षा काय होती, याचा मात्र त्या महत्त्वाचा पुरावा आहेत. राजाने चूक ऐकून घ्यावी आणि हसून मागे घ्यावी, ही ती अपेक्षा होय.

३) वर्गात या कथा सांगताना 'हे घडले का?' या प्रश्नाबरोबरच 'हे सांगावेसे का वाटले?' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बखरी व तवारिखांत शोधावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर मेलेल्या पोपटाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या लोकांजवळ आहे.