‘दिल्ली सफारी’त नसलेली माणसं

‘दिल्ली सफारी’ हा ॲनिमेशनपट ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. दिग्दर्शन निखिल अडवाणीचं, संगीत शंकर-एहसान-लॉयचं आणि ॲनिमेशन आपल्या पुण्यातल्या क्रेयॉन पिक्चर्सचं. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही त्यालाच मिळालं. तरी थिएटरात जाऊन तो पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. मीही खूप उशिरा, मोबाइलवरच पाहिला.

गोष्ट सोपी आहे. मुंबईला लागून असलेलं जंगल बिल्डरला हवंय. बुलडोझर येतात, बिबट्याचा बाप मारला जातो आणि त्याचा बछडा युवी, आई, माकड, अस्वल असे सगळे दिल्लीला संसदेत गाऱ्हाणं मांडायला निघतात. माणसाची भाषा येणारा एकच पोपट आहे, त्यालाही सोबत घेतात. माकडाला गोविंदाचा आवाज आहे, तेवढ्यासाठीसुद्धा पाहावा.

मला मात्र त्या बुलडोझरबद्दल बोलायचंय. सिनेमात तो एकाच दिशेने चालतो, शहराकडून जंगलाकडे. मुंबईच्या खऱ्या जंगलाचा, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा इतिहास वाचायला घेतला आणि हे चित्र बिघडलं.

हे जंगल वाचलं त्याचं एक मोठं कारण आपल्या नळाचं पाणी. इंग्रजांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून पुरे केले. तलाव भरायचे तर भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखायला हवं, म्हणून झाडं राहिली. प्राण्यांवरच्या प्रेमाचा संबंध फार पुढचा. स्वातंत्र्यानंतर जंगलाच्या दक्षिण टोकाला आरे दूध वसाहत वसली. १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी इथे आल्या. १९७७ मध्ये इथेच चित्रनगरी उभी राहिली. म्हणजे जंगलाच्या कडेचा तुकडा सिनेमावाल्यांनाही मिळालेला आहे! मालिकांच्या सेटवर बिबट्या शिरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. तो बिचारा स्वतःच्याच वाटेने चाललेला असतो.

आता १९९५. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था पार्कातल्या अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. मे १९९७ मध्ये न्यायालयाने झोपड्या हटवायचा आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो घरं पाडली गेली. सिनेमातलाच बुलडोझर, पण या वेळी जंगलाच्या बाजूने. पुनर्वसन कुणाचं? ज्यांचं नाव १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत होतं त्यांचं. पुढे मोठ्या झगड्यानंतर अनेकांना चांदिवलीच्या संघर्षनगरात घरं मिळाली. वस्तीचं नावच काय ते सांगतं.

मी न्यायालयाला दोष देत नाही. त्या आदेशाशिवाय पार्कची हद्द आज कुठवर सरकली असती, याचा विचारही करवत नाही. पण घरं कुणाची पडली, हेही बघावं लागतं. जंगलालगतचे टॉवर उभेच राहिले, आणि ‘जंगलाचा व्ह्यू’ म्हणून त्यांतले फ्लॅट महाग विकले गेले.

‘दिल्ली सफारी’च्या जंगलात माणूस राहतच नाही. जो येतो तो बाहेरून, यंत्र घेऊन. खऱ्या जंगलात आणि आरेत वारली, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे आहेत. ते वाघोबाला पुजतात, आणि त्यांच्या वाघोबात बिबट्याही आला. बिबट्या अंगणाजवळून जातो म्हणून त्यांनी मोर्चा काढलेला नाही. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत पार्क आणि परिसरात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या गर्दीच्या शहरात हे जमतं, त्यात जंगल खात्याची मेहनत आहेच, पण बिबट्याला शेजारी मानणाऱ्या या पाड्यांचाही वाटा आहे असं मला वाटतं. मुलांच्या सिनेमात एक पाडा दाखवला असता तर खलनायक शोधणं जरा अवघड झालं असतं, एवढंच.

सिनेमातली दिल्लीवारी थोडीफार खरी झाली ती सात वर्षांनी. ४ ऑक्टोबर २०१९ ला आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला सुनावणी घेतली आणि वृक्षतोड थांबवली. पोपटाचं काम पत्राने केलं. तोवर २,००० हून अधिक झाडं पडली होती.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. एका सरकारने कारशेड कांजूरमार्गला नेली, २०२२ मध्ये दुसऱ्याने ती परत आरेत आणली. दरम्यान, त्या जागेजवळच्या प्रजापूरपाड्यातली आदिवासी कुटुंबं तर झाडांच्याही आधी, २०१७ च्या सुमारास इमारतीत हलवली गेली होती. त्या रात्री आरेत धावलेल्या किती जणांना हे माहीत होतं कोण जाणे.

५ ऑक्टोबर २०२४ ला मेट्रो ३ च्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. पहिल्या स्टेशनच्या पाटीवर ‘आरे’ लिहिलंय.