विरजण आणि लस

वऱ्हाडात उन्हं तापली की भाकरीसोबत ताक आलंच. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या घरी दादी रोज रात्री दुधाला विरजण लावायची. रमजानच्या सहरीत त्या दह्याचा घट्ट गोळा प्रत्येकाच्या ताटात पडायचा. १९१८ ची मानमोडीची साथ आली तेव्हा ती दहा वर्षांची होती. साथीत तिचे दोन भाऊ गेले. ती मात्र नव्वदीला टेकली. याचं श्रेय ती दह्याला द्यायची.

२०२१ मध्ये कोरोनाची लस आली आणि हीच गोष्ट आडवी आली. सत्तरी ओलांडलेली अम्मी म्हणाली, दादीला कुठं सुई टोचली होती? दह्यावरच जगली ना!

मंडळी, उत्तर शोधताना मला दही आणि लस या दोन्ही वाटांवर एकच माणूस भेटला: इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ साली मेसिना इथं त्यानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला आणि त्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या या संशोधनासाठी १९०८ चं नोबेल त्याला पाउल एर्लिखसोबत मिळालं. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो म्हातारपणाचा विचार करू लागला. आतड्यात अन्न कुजून विष तयार होतं, त्यानं माणूस थकतो आणि आंबट दुधातले जिवाणू ते रोखतात, असं त्याचं मत होतं. बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा तो दाखला द्यायचा. स्वतः रोज आंबट दूध प्यायचा. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी तो गेला.

ओडेसातला त्याचा विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्यानं इथं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचंच नाव आहे. म्हणजे दह्याची थोरवी सांगणारा गुरू आणि लस देणारा शिष्य, एकाच घराण्यातले!

आजचं विज्ञान काय म्हणतं? वय वाढतं तशी छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी कमी पडतात आणि लसीलाही शरीर मंद प्रतिसाद देतं. आतड्याच्या अस्तरालगत प्रतिकारपेशींचा मोठा तळ असतो; तिथले जिवाणू त्यांना जागं ठेवतात. विशिष्ट जिवाणू दिल्यावर काही वृद्धांमध्ये फ्लूच्या लसीचा प्रतिसाद थोडा सुधारलेला दिसला, काही प्रयोगांत फरक पडला नाही. शिवाय ते जिवाणू निवडलेले आणि मोजलेले असतात. घरच्या विरजणात कोणते, किती, हे ठाऊक नसतं. दही चांगलंच, पण ते लसीची जागा घेत नाही.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणालो, "अम्मी, दादीचे ते दोन भाऊही त्याच गाडग्यातलं दही खात होते."

ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी आम्ही लस घेऊन आलो. रात्री मात्र नेहमीसारखं विरजण तिनंच लावलं.