निनावी फळीचा इतिहास

स्केटबोर्डचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक चाकांपासून सुरुवात करतात आणि विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डचा इतिहास सांगणारे मोटारीपासून. दोन्ही ठिकाणी सनावळी हाताशी असते, पेटंट असते, कर्त्याचे नाव असते. आम्ही येथे फळीपासून सुरुवात करणार आहोत. त्या व्यवसायात तिला ‘डेक’ म्हणतात आणि स्वार तिच्यावरच उभा असतो. मराठी वाङ्मयाच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, कर्ता ठाऊक नसलेल्या संहितांशी आमचा रोजचा संबंध येतो. जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘ही ओवी कोणाची?’ हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो, आणि तो प्रश्न तेथे कसा अपुरा पडतो हे सांगण्यात आमचे पुढचे दोन तास जातात. घरी बनवलेल्या विद्युत स्केटबोर्डविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच प्रश्न आम्हांला निराळ्या वेशात भेटला.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी पायात घालायच्या रोलर स्केटचे दोन भाग केले आणि ते लाकडी फळीच्या बुडाशी, एक पुढे व एक मागे, खिळ्यांनी ठोकले. त्यापूर्वीही अमेरिकेतील मुले फळीवर फळांची पेटी उभी ठोकून तिला धरायला दांडी लावीत आणि तशी गाडी रस्त्यावर पळवीत. पेटी गळून पडली आणि फळी उरली. हे प्रथम कोणी केले? नाव सांगता येत नाही. सांगता येणार नाही असेच ते काम होते, कारण ते अनेक गल्ल्यांत, अनेक हातांनी, एकमेकांना न विचारता झाले. आमच्या पिढीला हे दृश्य परके वाटू नये. गॅरेजवाल्याकडून टाकाऊ बेअरिंगे मागून आणायची, ती काठीच्या टोकांना घट्ट ठोकायची, वर फळी बसवायची आणि उतारावरून खडखडत सुटायचे, हा उद्योग महाराष्ट्रातल्या कितीतरी आळ्यांत १९८० आणि १९९० च्या दशकांत चालत असे. कॅलिफोर्नियाशी त्याचा संबंध नव्हता. संबंध नव्हता, म्हणूनच तो येथे सांगण्याजोगा आहे.

पुढचा टप्पा नावांचा. लॅरी स्टीव्हन्सन या समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने १९६३ च्या सुमारास ‘मकाहा’ या नावाने लाटांवरच्या फळीसारख्या आकाराचे स्केटबोर्ड विकायला आणले. १९६५ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर स्केटबोर्डवर हातांवर उभी राहिलेली पॅटी मॅगी झळकली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपघात, नगरपालिकांच्या बंदी आणि न खपलेला माल यांच्या ओझ्याखाली बाजार कोसळला. १९६९ मध्ये स्टीव्हन्सननेच फळीचे मागचे टोक वर वळवले. त्या वळणावर पाय दाबला की पुढचे टोक उचलते. पाट होता तो तरफ झाला. १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातील एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके दिसली. ती घडवली होती रोलर स्केटसाठी. त्याने ती स्केटबोर्डला लावली आणि पुढे ‘कॅडिलॅक व्हील्स’ म्हणून विकली. मातीच्या किंवा पोलादी चाकाखाली बारीकसा खडा आला तरी स्वार तोंडावर आपटे. या मऊ चाकाने रस्ता धरून ठेवला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चाके आली रोलर स्केटच्या धंद्यातून. आत बसणारी बेअरिंगे आली सर्वसाधारण यंत्रसामग्रीतून. ८ मिलिमीटरचे भोक आणि २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेले ‘६०८’ हे माप काही स्केटबोर्डसाठी जन्मलेले नाही. फळी मात्र कोठूनही आयती आली नाही. ती दर वेळी नव्याने करावी लागली, आणि दीर्घकाळ ती करणारा माणूस घरातल्या सुताराच्या हत्यारांवर काम करणारा होता.

हा हात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे पडला. मेपल लाकडाचे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे सात पापुद्रे सरस लावून साच्यात दाबायचे, पाचांच्या रेषा लांबीच्या दिशेने आणि दोहोंच्या आडव्या ठेवायच्या, ही रचना रूढ झाली. कॅनडातील विली विंकेल याचे नाव या संदर्भात घेतले जाते. पुढे फ्लोरिडातील ॲलन गेलफंडने हातांनी फळी न धरता उडी घेण्याची युक्ती शोधली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली, तेव्हापासून फळीकडून एकच अपेक्षा उरली : मागचे टोक जमिनीवर आपटले की तिने टणकन उसळावे. ही उसळी दाबयंत्राखालच्या सात पापुद्र्यांत जशी येते तशी घरच्या करवतीने कापलेल्या एकसंध फळीत येत नाही. घरची फळी अप्रमाण ठरली. एखादी बोली प्रमाण झाली की उरलेल्या बोली एका रात्रीत ‘अशुद्ध’ होतात, तसेच काहीसे.

दरम्यान मोटार येऊन गेली होती. १९७५ मध्ये ‘मोटोबोर्ड’ नावाचा पेट्रोलवर चालणारा स्केटबोर्ड कॅलिफोर्नियात आला. त्याचा आवाज आणि धूर यांना कंटाळून राज्याने १९७७ मध्ये मोटार लावलेल्या स्केटबोर्डना रस्ते आणि पदपथ दोन्ही बंद केले. कायद्याने इंजिनाचा प्रकार पाहिला नाही; त्यामुळे जी वस्तू अजून बाजारात यायची होती, ती विजेवरची फळीही त्याच बंदीत सापडली. १९९७ मध्ये सील बीच येथील लुई फिंकल याने बिनतारी नियंत्रणाचा विद्युत स्केटबोर्ड विकायला काढला आणि १९९९ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. इतिहासात जनक म्हणून बहुधा त्याचेच नाव येते. ते नाव खोडण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या काळच्या शिशाच्या बॅटरीचे ओझे पाहिले म्हणजे ही वस्तू तेव्हा का पसरली नाही हे कळते.

ती पसरली ते भाग पुन्हा परक्या घरांतून आले तेव्हा. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी कॅमेऱ्यांतून आणि लॅपटॉपमधून वाढली. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी असलेला ‘१८६५०’ हा सेल त्याच परंपरेतला. ब्रश नसलेल्या छोट्या, जोरकस मोटारी आल्या त्या हौसेने उडवायच्या विमानांच्या प्रतिकृतींतून. आणि त्या मोटारींना हळुवार सुरुवात व ब्रेक शिकवणारा नियंत्रक बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने २०१४ च्या सुमारास तयार केला. त्याने त्याचा आराखडा आणि प्रणाली सर्वांसाठी खुली ठेवली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना होय; पेटंटाच्या नेमके उलट टोक ते.

हे सारे भाग जमले आणि मग अडचण आली फळीची. उसळीसाठी घडवलेली सात पापुद्र्यांची फळी आखूड, दोन्ही टोकांना वळलेली. तिच्या बुडाशी बॅटरीला जागाच नाही. लांब, लवचीक फळ्या मिळत. त्या रस्त्याचे हादरे पोटात घेतात, पण तीच लवचीकता बॅटरीला मारक. दहा सेलांची मालिका आणि अशा चार समांतर, म्हणजे चाळीस सेल घेतले तर ३६ व्होल्टची, वजनाला दोन किलोच्या आतबाहेरची बॅटरी होते. शिशातून तेवढी ऊर्जा घ्यायची तर दहा किलोंहून अधिक वजन वाहावे लागेल. हे सेल निकेलच्या पातळ पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. फळी वाकली की पट्टी वाकते, हजारदा वाकली की तुटते. किंवा तुटण्याआधी सेलाच्या कडेवरचे आवरण घासून काढते, आणि मग ठिणगी. म्हणजे स्वाराच्या गुडघ्यांना फळी मऊ हवी, बॅटरीला ताठ हवी. एकाच फळीकडून दोन परस्परविरोधी मागण्या.

येथे घरातला हात परत आला. कोणी बर्चचे प्लायवूड घेऊन त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे कापड इपॉक्सीत भिजवून चढवले आणि फळी ताठ केली. कोणी ताठ केली नाही. बॅटरीचेच तुकडे पाडले आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पट्टीऐवजी सिलिकोनचे वेष्टन असलेली, बारीक तारांची मऊ वायर सैल सोडली. कोणी फळी पोटातून पोखरून सेल आतच निजवले. मेपलचे पापुद्रे घरी दाबण्याची जी अडचण १९७० च्या दशकात होती, तीही सुटली, आणि फार सुंदर रीतीने सुटली. फोमच्या ठोकळ्याचा साचा करायचा, त्यावर सरस लावलेले पापुद्रे ठेवायचे, सारे एका हवाबंद पिशवीत घालायचे आणि हातपंपाने आतली हवा काढायची. बाहेरचे वातावरण स्वतःच दाब देते. नव्वद सेंटिमीटर लांब आणि पंचवीस सेंटिमीटर रुंद फळीवर तो दाब जवळजवळ दोन टन भरतो. जो दाब कारखान्याची मक्तेदारी मानला जात होता, तो इतकी वर्षे प्रत्येकाच्या अंगणात उभाच होता!

यांतल्या कोणत्या युक्तीचा कर्ता कोण, हे सांगता येत नाही. एकाने फळी केली, ती कोठे तडकली हे सांगितले, दुसऱ्याने तेथे काचतंतूंचा आणखी एक थर दिला, तिसऱ्याने बॅटरीच्या डब्याचे स्क्रू थेट लाकडात न पिळता पितळी आटे बसवले, कारण लाकडातला आटा दोनचारदा उघडझाप केल्यावर ढिला पडतो. ओवी अशीच वाढते. मात्र साम्य फार ताणू नये. ओवीत शब्द चुकला तर जाते फुटत नाही. येथे एक डाग चुकला तर घर पेटू शकते. निनावी परंपरेत चूक कोणाची, हेही निनावी राहते, आणि ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. हौशी मंडळी या प्रश्नाकडे पुरेशा गांभीर्याने पाहतात असे आम्हांला नेहमीच वाटले नाही. सेलांच्या मध्ये अग्निरोधक कागद घालणे आणि प्रत्येक समांतर गटावर लक्ष ठेवणारे परिपथ बसवणे, एवढ्यावर जबाबदारी संपते काय?

२०१२ मध्ये ‘बूस्टेड’ ही कंपनी स्टॅनफर्डमधून बाहेर पडलेल्या तिघांनी लोकवर्गणीतून उभी केली, तेव्हा त्यांच्या पहिल्या स्केटबोर्डची फळीही दुसऱ्याच एका कंपनीच्या बांबूच्या लवचीक फळीवरून घेतली होती. बॅटरी एका टोकाला, नियंत्रक दुसऱ्या टोकाला, मधला भाग वाकायला मोकळा : वर सांगितलेल्या पेचाचे हे त्यांचे उत्तर. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने जुनी बंदी सैल केली आणि १ जानेवारी २०१६ पासून विद्युत फळ्यांना अटींसह वाट मोकळी झाली. त्या कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. ती मोटारीपासून सुरू न होता फळीपासून सुरू होते : साठ इंचांहून लांब नसलेली, अठरा इंचांहून रुंद नसलेली, एकाच माणसाला वाहणारी. सरासरी हजार वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी वीस मैलांची मर्यादा त्यानंतर येतात. फळी कोणी केली हे ती व्याख्या विचारत नाही.

बूस्टेड २०२० च्या मार्चमध्ये बंद पडली. फळ्या धडधाकट होत्या, पण बॅटऱ्या म्हाताऱ्या होत होत्या आणि नवी द्यायला कंपनी उरली नव्हती. तेव्हा घरी फळ्या करणाऱ्यांनीच ते डबे उघडले, आतले सेल बदलले, बंद प्रणालीच्या जागी वेडरचा खुला नियंत्रक बसवला. वरची बांबूची फळी तीच राहिली. तिच्या बुडाशी आता काय आहे, हे ज्याच्या त्याच्या फळीवर अवलंबून आहे.