अडगळीतून परतलेला स्फटिक

रडारचा इतिहास बहुधा दुसऱ्या महायुद्धापासून सांगितला जातो. आपण तो थोडा मागून, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून सुरू करू. तेथे १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस अतिशय आखूड, अगदी ५ मिलिमीटरपर्यंतच्या रेडिओलहरींवर प्रयोग करत होते. लहरींची चाहूल घेण्यासाठी त्यांनी पुढे गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले.

अशा स्फटिकाला धातूचे टोक टेकवले, की विद्युतप्रवाह एका दिशेने सहज वाहतो, उलट दिशेने अडतो. सुरुवातीचे रेडिओ यावरच चालत. पण नेमकी जागा चाचपडत शोधावी लागे आणि जरा धक्का लागला की ती हरवे. स्फटिक असा का वागतो, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हते. मग निर्वात नळ्या आल्या आणि स्फटिक अडगळीत गेला.

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांचा मॅग्नेट्रॉन चालू झाला. त्यातून सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या जोरदार लहरी मिळू लागल्या. लहर आखूड असली की लहान अँटेनाही अरुंद झोत देतो. असा अँटेना विमानात मावतो. अडचण होती ती परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपण्याची. या लहरींची सेकंदाला ३०० कोटी आवर्तने होतात. नेहमीच्या नळीत इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचेपर्यंत लहरीची दिशाच उलटलेली असे! स्फटिक आणि धातूचे टोक यांच्यात मात्र असे अंतर जवळजवळ नसते. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा स्फटिकाकडे वळले. या वेळी सिलिकॉनचा तुकडा आणि टंगस्टनची बारीक तार होती.

पण एक तुकडा चाले, दुसरा चालत नसे. कारण शोधता शोधता सिलिकॉन व जर्मेनियम शुद्ध करण्याचे आणि त्यांत मोजून अशुद्धी मिसळण्याचे तंत्र विकसित झाले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर बनला, तो जर्मेनियमवरच.

पुढे अनेक ट्रान्झिस्टर एकाच चिपवर आले. १९७६ मध्ये इंग्लंडमधील प्लेसी कंपनीत पेंगेली व टर्नर यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या एकाच चिपवर सूक्ष्मलहरींचा वर्धक बनवला. आज मोटारीच्या रडारमध्ये प्रक्षेपक व ग्राहक दोन्ही सिलिकॉनच्या एका चिपवर असतात आणि त्यांच्या लहरी सुमारे ४ मिलिमीटर लांबीच्या असतात. बोस यांच्या लहरींशी ताडून पाहा!

‘जुने गेले, नवे आले’ असे वर्गात सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: जुने गेले, ते निरुपयोगी होते म्हणून, की आपल्याला उमगले नव्हते म्हणून?