इम्पॅक्ट प्लेयर नियम

इम्पॅक्ट प्लेयर नियम हा ट्वेंटी२० क्रिकेटमध्ये सामना सुरू असताना एक खेळाडू बदलण्याची मुभा देणारा नियम आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने तो प्रथम २०२२ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत आणि २०२३ पासून इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) लागू केला. केवळ फलंदाजी किंवा केवळ गोलंदाजी करणाऱ्यास परिपूर्ण क्रिकेटपटू मानावे काय, हा जुना प्रश्न या नियमामुळे पुन्हा चर्चेत आला.

स्वरूप
आयपीएलमध्ये प्रत्येक संघ अकरा खेळाडूंव्यतिरिक्त पाच राखीव खेळाडूंची नावे देतो. त्यांपैकी एकास सामन्यात उतरवता येते. तो फलंदाजी आणि चार षटके गोलंदाजी करू शकतो. ज्याच्या जागी तो येतो, तो खेळाडू त्या सामन्यात पुन्हा खेळू शकत नाही. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबाद येथे चेन्नई सुपर किंग्जचा, मूळचा कल्याणचा गोलंदाज तुषार देशपांडे फलंदाज अंबाती रायुडूच्या जागी आला. तो आयपीएलमधील पहिला इम्पॅक्ट प्लेयर ठरला.

पूर्वपीठिका
आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत २००५ मध्ये ‘सुपरसब’ हा बदली खेळाडूचा प्रयोग झाला. तो २००६ मध्ये बंद पडला. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र आक्रमण, बचाव आणि चेंडूला लाथ मारणे यांसाठी वेगवेगळे खेळाडू असतात. तेथे केवळ लाथ मारणारा खेळाडू खरा क्रीडापटू आहे काय, असा वाद होत आला आहे. अशा खेळाडूंपैकी यान स्टेनेरुड यांना १९९१ मध्ये त्या खेळाच्या व्यावसायिक सन्मान दालनात प्रथम स्थान मिळाले.

मतभेद
नागपूर येथे जन्मलेले रोहित शर्मा यांनी २०२४ मध्ये या नियमाविषयी नापसंती व्यक्त केली. यामुळे अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटते, असे त्यांचे मत होते. त्यांनी शिवम दुबे यांचे उदाहरण दिले. दुबे यांनी १० नोव्हेंबर २०१९ रोजी मिहानजवळील जामठा येथील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर बांगलादेशाविरुद्ध ३० धावांत ३ बळी घेतले होते. आयपीएलमध्ये मात्र त्यांचा उपयोग प्रामुख्याने फलंदाज म्हणून झाला. २०२५ च्या हंगामात स्वतः शर्मा काही सामन्यांत इम्पॅक्ट प्लेयर म्हणून खेळले. नियमाच्या समर्थकांच्या मते, त्यामुळे एका अतिरिक्त भारतीय खेळाडूस संधी मिळते आणि डावपेचांना वाव राहतो.

सद्यस्थिती
सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून हा नियम २०२४-२५ च्या हंगामापासून वगळण्यात आला. आयपीएलमध्ये तो कायम ठेवण्यात आला.