टोनकात्सू म्हणजे काय? न तळता ओव्हनमध्ये तो कुरकुरीत कसा होतो?

'टोन' म्हणजे डुक्कर, 'कात्सू' हा 'कटलेट'चा जपानी अवतार. टोकियोतलं 1895 साली सुरू झालेलं 'रेंगातेई' हे या पदार्थाचं जन्मस्थान मानलं जातं.

भाईंदरहून राईमार्गे उत्तनकडे गेलं की ईस्ट इंडियन घरांत पोर्क ओळखीचंच. पण सोरपोतेल, इंदियाल रश्श्यात निवांत शिजतात. टोनकात्सूला ती सवलत नाही.

खरी अडचण ब्रेडच्या चुऱ्याची. ओव्हनमध्ये मांस शिजतं तोवर चुरा पांढराच राहतो. तो लालसर होण्याची वाट पाहिली तर मांस चिवट. म्हणून चुरा आधीच चमचाभर तेलात कढईत सोनेरी परतून घ्यायचा. जपानी पांको नसेल तर शिळ्या ब्रेडच्या कडा काढून मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. पीठासारखा बारीक चुरा चालत नाही.

दीड सेंटीमीटर जाडीच्या कापाच्या चरबीला चिरा द्या, नाहीतर तो आकसून वाकतो. मीठ-मिरी लावून मैदा, अंडं, चुरा या क्रमाने घोळवा. ट्रेवर जाळी ठेवून 200 अंश सेल्सिअसला साधारण 15 ते 20 मिनिटं भाजा. जाळी नसेल तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हा खटाटोप करू नये.

अर्धकच्च्या पोर्कमधून पट्टकृमीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. मीट थर्मामीटरवर मध्यभागी किमान 63 अंश दिसल्यावर 3 मिनिटं थांबा, मगच कापा. सोबत बारीक चिरलेला कच्चा कोबी हवाच.