औष्णिक लेप : पॉवर ट्रान्झिस्टरसाठी निवड

पॉवर ट्रान्झिस्टर हीट सिंकवर बसवताना दोन्हींच्या पृष्ठांमध्ये लावायचा मऊ लेप. तेलात धातूच्या ऑक्साइडची किंवा तत्सम पदार्थाची बारीक पूड घोटून तो करतात. दुकानात तो हीट सिंक कंपाउंड, थर्मल पेस्ट किंवा नुसते पेस्ट या नावांनी मिळतो. निवडताना गिऱ्हाईक सहसा डबीवर छापलेला संवाहकतेचा आकडा पाहते. बहुतेक जोडण्यांत त्या आकड्याला एवढे वजन देण्याचे कारण नाही. थर किती पातळ बसतो आणि तो वर्षानुवर्षे जागेवर राहतो का, यावर ट्रान्झिस्टरचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

डोळ्यांना सपाट दिसणारे ॲल्युमिनियमही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असते. अशी दोन पृष्ठे एकमेकांवर दाबली, तर ती उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. हवेची उष्णता-संवाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर हीट सिंकच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची २०० च्या आसपास. साध्या पांढऱ्या लेपाची साधारण ०.७ असते, म्हणजे हवेच्या पंचवीसपट, पण धातूच्या मानाने अगदीच थोडी. लेपाने हवेची जागा घ्यावी, धातूची घेऊ नये, हा या विषयाचा गाभा आहे. जिथे धातू धातूला टेकू शकला असता, तिथे जाड लेप भरला की रोध उलट वाढतो.

याचा हिशेब २एन३०५५ या ट्रान्झिस्टरवर चांगला मांडता येतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीने आणलेला हा ट्रान्झिस्टर पुढे जगभरच्या ॲम्प्लिफायरांत आणि पॉवर सप्लायमध्ये वापरला गेला. त्याचे टीओ-३ हे धातूचे कवच २५ अंश से. तापमानावर रोखून धरले, तर तो ११५ वॅट शक्ती सहन करतो. आतील जंक्शनची मर्यादा २०० अंश से. आहे आणि जंक्शनपासून कवचापर्यंतचा औष्णिक रोध सुमारे १.५ अंश प्रति वॅट. कवच ते हीट सिंक या टप्प्यासाठी रूढ आकडे असे : कोरडे थेट बसवल्यास ०.५, लेप लावून ०.१, मध्ये अभ्रकाची विद्युतरोधक चकती कोरडी घातल्यास १.३ आणि तीच दोन्ही बाजूंनी लेप लावून घातल्यास ०.३६.

आता ३० वॅट उष्णता, १.५ अंश प्रति वॅटचा हीट सिंक आणि ४० अंशांची हवा धरू. अभ्रक कोरडे ठेवले तर जंक्शन १६९ अंशांवर जाते, लेप लावला तर सुमारे १४१ वर. थोड्याशा पांढऱ्या लेपाने २८ अंश वाचले. साध्या लेपाऐवजी पाचपट संवाहकतेचा महाग लेप घेतला, तर मात्र फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा पडतो, कारण उरलेला रोध मुख्यतः अभ्रकाचाच असतो. लेप लावणे अत्यावश्यक आहे; कोणता लावला हा टीओ-३ साठी पुढचा आणि लहान प्रश्न आहे. हिशेबातले हवेचे तापमान मात्र प्रामाणिकपणे धरावे. विदर्भात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद पेटीतली हवा त्याहून तापलेली असते. तिथे ४० धरून केलेले गणित फसवे ठरते.

टीओ-२२० या छोट्या कवचाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या धातूच्या पाठीचे क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर. त्यामुळे ०.०५ मिलिमीटर जाडीच्या साध्या लेपाचा रोध अर्ध्या अंशाच्या जवळ जातो, तर ३ संवाहकतेच्या लेपाचा ०.१ च्या आसपास राहतो. २० वॅटला हा फरक सात-आठ अंशांचा. शिवाय कवच मधल्या चकतीविना थेट बसवले असेल, तर चांगल्या लेपावर केलेला खर्च खरोखर कामी येतो.

सर्वांत प्रचलित लेप म्हणजे सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड. तो स्वस्त असतो, विजेचा वाहक नसतो आणि तापला तरी सहसा पातळ होऊन वाहत नाही. पॉवर ट्रान्झिस्टरच्या सामान्य कामासाठी पहिली पसंती त्यालाच द्यावी. ॲल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइड घातलेले लेपही विद्युतरोधक असून त्यांची संवाहकता अधिक असते. चांदीची पूड असलेले लेप संगणकाच्या प्रोसेसरमुळे लोकप्रिय झाले. ट्रान्झिस्टरच्या पायांजवळ किंवा विद्युतरोधक चकतीच्या कडेला ते ओघळले, तर शॉर्ट सर्किटचा धोका संभवतो. इथे ते टाळलेले बरे. गॅलियमयुक्त द्रवधातू ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर कधीही लावू नये. गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि तो धातू ठिसूळ होऊन तुटतो.

डबीवर सहसा न लिहिलेली गोष्ट म्हणजे लेपाचे वागणे कालांतराने कसे बदलते. यंत्र चालू-बंद होताना कवच आणि हीट सिंक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात. प्रत्येक फेरीत लेप किंचित बाहेर ढकलला जातो आणि मध्ये पोकळी राहू लागते. दुसरा दोष तेल सुटण्याचा. तेल कडेने पसरत जाते आणि मागे कोरडी पूड उरते. सुटलेले सिलिकोन तेल इतरत्रही त्रास देते : त्यामुळे रंग धरत नाही, सोल्डर नीट बसत नाही, आणि रिलेच्या संपर्कबिंदूंवर त्याची वाफ पोचली तर ठिणगीच्या उष्णतेने तिचे सिलिकात रूपांतर होऊन संपर्क अडतो. ज्या पेटीत रिले किंवा उघडे स्विच आहेत, तिथे सिलिकोनविरहित लेपाचा आग्रह धरणे योग्य. रोज अनेकदा चालू-बंद होणाऱ्या यंत्रासाठी घट्ट, तेल न सोडणारा लेप घ्यावा, मग त्याचा आकडा थोडा कमी असला तरी चालेल.

टीओ-३ चे कवच आणि टीओ-२२० ची पाठ बहुधा कलेक्टरला जोडलेली असते, म्हणून मध्ये विद्युतरोधक चकती लागते. ती बहुधा अभ्रकाची असते; दुकानदार तिला मायका म्हणतात. अभ्रकाला दोन्ही बाजूंनी लेप लागतोच. रबरासारख्या सिलिकोन पॅडला मात्र लेप लावत नाहीत. ते सोयीचे आणि स्वच्छ असतात, पण त्यांचा रोध लेप लावलेल्या अभ्रकाहून बहुधा जास्त भरतो. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइझ थर विद्युतरोधक असला, तरी एका ओरखड्याने निकामी होतो. त्यावर विसंबू नये.

लावण्याआधी हीट सिंकच्या भोकांच्या कडांची धार घासून काढावी, नाहीतर अभ्रक चिरते किंवा कवच अधांतरी राहते. पृष्ठे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. लेप इतका पातळ असावा की त्यातून धातू अंधुक दिसेल आणि स्क्रू आवळल्यावर कडेला बारीक रेघ उमटेल. भरपूर लेप ओघळत असेल तर तो आधीच जास्त झालेला असतो. टीओ-२२० चा स्क्रू एका टोकाला असल्याने फार आवळल्यास दुसरे टोक उचलले जाते, आणि नेमकी सिलिकॉनची चिप असते तिथेच फट पडते. कवचाच्या मध्यावर दाब देणारी स्प्रिंगची क्लिप यापेक्षा चांगली.

ॲम्प्लिफायरमध्ये आणखी एका जागी लेप हवा असतो आणि तीच जागा अनेकदा कोरडी राहते. आउटपुट ट्रान्झिस्टर तापला की त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. ही घट ओळखून बायस कमी करणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीट सिंकवर बसवलेला असतो. त्याचा स्पर्श ढिला असेल तर बायस उशिरा उतरतो, प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. त्याच्या पाठीलाही तितक्याच काळजीने लेप लावावा.

दुरुस्तीसाठी काढलेला ट्रान्झिस्टर जुन्या लेपासह परत बसवू नये. दोन्ही पृष्ठे पूर्ण पुसून नवा थर द्यावा. जुन्या लष्करी आणि रेडिओ-प्रक्षेपण यंत्रांत अभ्रकाऐवजी पांढऱ्या सिरॅमिकच्या चकत्या आढळतात. त्यांतील काही बेरिलियम ऑक्साइडच्या असतात. अखंड असताना त्या उष्णता उत्तम वाहतात, पण त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. चकती कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर लेप ओल्या कापडाने हलकेच पुसावा. ती घासू, कापू किंवा फोडू नये.